बिनतुपाचा नाताळ

नाताळची बिस्किटं करायला घेण्याआधी मी गायधनी गुरुजींना विचारून आलो, हे खरं आहे. सोसायटीत त्यावर अजून हसतात. पण माझी बाजू कोणी नीट ऐकून घेतली नाही, म्हणून ती इथे लिहितो.

आमच्या घरात वर्ष पाळायचं होतं. माझी बायको सरोजिनी उन्हाळ्यात गेली. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सणाचं तळण करत नाहीत, कढई चढत नाही. कढई चढवणारीच गेल्यामुळे नियम पाळायला मला काही कष्ट पडले नाहीत. अशा घरी दिवाळीचा फराळ शेजारचे आणून देतात. आमच्याकडे पहिला डबा आला तो समोरच्या दारातल्या मार्था घोलपवहिनींचा. घोलप ख्रिस्ती. दर दिवाळीला सरोजिनीचा डबा त्यांच्याकडे जायचा आणि दर नाताळला त्यांचा आमच्याकडे यायचा. या वर्षी दिवाळीला डबा उलटा आला. चकल्या, करंज्या, चिवडा, सगळं वहिनींनी स्वतः केलेलं. "वर्ष तुम्हाला पाळायचंय नाना, मला कुठे पाळायचंय," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मग डिसेंबर आला. तेवढ्यात घोलप सरांची बायपास झालेली, वर साखर निघालेली. डॉक्टरांनी त्यांना काय खायचं नाही ते सांगितलं, आणि वहिनींनी जाहीर केलं की यंदा नाताळचं काही करणार नाही. ना केक, ना करंजी. कारण सर शाळेतून निवृत्त झालेले असले तरी डबे शोधण्यात अजून कार्यरत होते. म्हणजे त्यांच्याही घरी वर्ष पाळणं आलं, फक्त माणूस जिवंत होता.

आता माझी अडचण समजून घ्या. दोन घरांत जे काही येणंजाणं होतं ते या दोघी बायकांचं. मी आणि घोलप सर जिन्यात भेटलो की "काय म्हणता" असं म्हणायचो आणि उत्तर न ऐकता पुढे जायचो. आमच्यात भांडण नव्हतं, ओळखही नव्हती. या नाताळला माझ्या घरून त्यांच्या घरी काही गेलं नाही, तर ते दार हळूहळू नुसतं समोरचं दार होऊन जाईल, हे मला दिसत होतं. दुकानातला पुडा आणून देणं सोपं होतं. पण वहिनींनी मला दिवाळीत पुडा दिला नव्हता.

तेव्हा काहीतरी घरचं करायचं, आणि सरांना चालेल असं करायचं, असं ठरवलं. ठरवल्यावर पाळण्याची शंका आली. म्हणून गुरुजी.

गायधनी गुरुजी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, सकाळी रामकुंडावर असतात. त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. पंचांग काढलं, चष्मा लावला, डिसेंबर उघडला. मग म्हणाले, "नाताळ इथे सुट्टी म्हणून छापलाय, सण म्हणून नाही. सुट्टी पाळायला हरकत नाही. आणि बिस्किट भाजतात, तळत नाहीत. खुशाल करा." मी नमस्कार केला. दक्षिणा द्यावी की नाही ते कळेना, म्हणून दिली नाही.

कृतीसाठी पुण्याला मुलीला, वल्लरीला, फोन लावला. ती कॉम्प्युटरवर काम करते. तिने दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरून कमी कॅलरीच्या बिस्किटांची कृती शोधून फोनवर वाचून दाखवली. मैदा कमी, साखरेऐवजी खजूर, लोण्याऐवजी उकडलेल्या सफरचंदाचा गर, अंड्याचा फक्त पांढरा भाग. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात बिस्किट कुठे आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही करणार आहात का खरंच?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. समोरचा गप्प झाला की पुढची सूचना द्यायची, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, ओव्हन किती ठेवायचा ते सांग. ती म्हणाली एकशेऐंशी. एकशेऐंशी काय, ते मी विचारलं नाही.

बातमी जिन्यातून वर आणि खाली दोन्हीकडे गेली. आमच्याकडे कमी कॅलरी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट समजते ती म्हणजे उपवास. गायधनीवहिनी शिंगाड्याचं पीठ घेऊन आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी राजगिरा पाठवला आणि निरोप दिला की वर थोडं साजूक तूप सोडा, उपवासाला चालतं. वरईचे तांदूळ तीन घरांतून आले. साबुदाणाही आला. जो खाऊन आपल्याकडे माणसं एकादशीला दुपारभर झोपतात, तो साबुदाणा घोलप सरांच्या हृदयासाठी आला. मी कोणालाच नाही म्हणू शकलो नाही. सरोजिनी गेल्यापासून लोक मला काही दिलं की माझ्या तोंडाकडे बघत राहतात आणि मी ते घेईपर्यंत हलत नाहीत.

नागली, म्हणजे नाचणी, मात्र मीच आणली. सुरगाण्याच्या गाडीवर जाणाऱ्या एका कंडक्टरला सांगितलं होतं, त्याने पिशवीभर आणून दिली. साखरेच्या माणसाला नागली चांगली, असं सगळेच म्हणतात. ती दळून आणून ठमाबाईच्या पुढ्यात ठेवली. ठमाबाई आमच्याकडे सकाळी भाजी-भाकरी करून जाते. माझ्याकडून पगार घेते, पण साहेब म्हणून मला मोजत नाही.

"कॅलरी म्हंजी काय वो नाना?" तिने विचारलं.

खाल्लं की अंगाला लागते ती, असं मी सांगितलं.

"मंग अंगाला लागणारच नाय ते खायचं कशापायी?"

याचं उत्तर वल्लरीच्या कृतीत नव्हतं.

ओव्हन गायधनीवहिनींनी दिला. ॲल्युमिनियमचा गोल, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यांच्या मुलीच्या लग्नात आलेला आणि तेव्हापासून खोक्यातच. अट एकच होती, त्यात अंडं जायचं नाही, कारण ओव्हन परत देवघरावरच्या फळीवर ठेवायचा होता. म्हणजे अंड्याचा पांढरा भागही गेला. मैदा मी आधीच काढला होता. साखर, लोणी नव्हतंच. उरलं ते नागली, शिंगाडा, खजूर आणि सफरचंद. हे मळल्यावर ताटात जे तयार झालं ते बघून ठमाबाई म्हणाली, "नाना, बिस्कुट हाय का गवरी?" मी तिला लवकर घरी जायला सांगितलं.

संध्याकाळी ओव्हन लावला. लावला आणि आमच्या जिन्याचे सगळे दिवे गेले. मला वाटलं भारनियमन. ते तर दुपारीच होऊन गेलं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी दाभाडे टॉर्च घेऊन वर आले. दाभाडे निवृत्त होण्याआधी कुठल्याशा सरकारी कचेरीत होते आणि मनाने अजून तिथेच आहेत. त्यांनी टॉर्च आधी ओव्हनवर मारला, मग माझ्यावर. निवासी इमारतीत भट्टी चालवायला उपनियमात मनाई आहे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं ही भट्टी नाही, ओव्हन आहे. ते म्हणाले, फ्यूज भट्टीसारखा गेलाय. परवानगी हवी असेल तर लेखी अर्ज करा, कारण लिहा, धार्मिक कारण असेल तर समिती सहानुभूतीने विचार करते.

मी अर्ज केला. कारण: नाताळ. दाभाड्यांनी तो वाचला आणि विचारलं, "खैरनार, तुम्ही ख्रिस्ती आहात का?" नाही म्हटलं. "मग हे धार्मिक कारण होत नाही." गुरुजींच्या मते तो सण नाही, दाभाड्यांच्या मते धर्म नाही. समितीची बैठक जानेवारीत आहे, असं कळलं.

अर्धवट भाजलेली बिस्किटं ताटाला अशी चिकटली होती की ती स्क्रूड्रायव्हरने काढावी लागली. ताटाचे पोपडे निघाले. बिस्किटांचे नाही.

तेव्हा मला बेकरी आठवली. आपल्याकडे सुट्ट्यांच्या दिवसांत लोक घरचं पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मी उरलेलं पीठ-खजूर पिशवीत भरून भद्रकालीतल्या एका बेकरीत गेलो. भट्टीवरचे रफिकभाई सामान तपासून घेत होते. त्यांनी माझी पिशवी उघडली, हात घालून तळापर्यंत शोधलं आणि म्हणाले, "नाना, तूप किधर है?" तूप नाही म्हटलं. "शक्कर?" साखर नाही म्हटलं. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच घरी कोणी आजारी असावं. थोडा मैदा स्वतःचा घालावा लागेल, नाहीतर आकार धरणार नाही, एवढं त्यांनी समजावलं. मी मान्य केलं. इतक्या दिवसांत भेटलेला हा पहिला माणूस होता ज्याने मला उपवासाचं काही दिलं नाही.

बेकरीत बाकावर माणसं बसली होती. ही पद्धत आहे. आपलं तूप आपल्याच पिठात जातंय की नाही, ते बघायला घरातला एक माणूस शेवटपर्यंत बसून राहतो. सगळ्यांच्या नजरा आपापल्या डब्यावर. माझ्याकडे चोरण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी बसलो नाही. चिठ्ठीवर नाव लिहून पिठावर ठेवली आणि घरी आलो. इथेच चुकलं. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, "नाना."

आता नाशिकमध्ये भर बाजारात उभं राहून नाना अशी हाक मारा, वाहतूक थांबेल. चाळीस वर्षं सगळे मला नाना म्हणतात म्हणून मला वाटत होतं की ते माझं नाव आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी बेकरीतून डबा घेऊन आलो. वर कागद, त्याला सुतळी, सुतळीत माझ्या नावाची चिठ्ठी. उघडून बघितला नाही, कारण मला भीती वाटत होती. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. सरोजिनी कधी बेल वाजवत नसे, नुसती आत जायची. मला ते जमलं नाही.

मार्थावहिनींनी दार उघडलं, डबा बघितला आणि पदर तोंडाला लावला. मी घाईघाईने सांगून टाकलं की सरांना चालतील अशी आहेत, साखर नाही, तूप नाही, काहीही नाही. सर आतल्या खोलीतून इतक्या लवकर बाहेर आले की बायपास झालेला माणूस वाटेना. वहिनींनी सुतळी सोडली. वास आधी आला. साजूक तुपाचा.

आत पांढरीशुभ्र बिस्किटं होती. वर साखर चमकत होती. प्रत्येकावर टुटीफ्रुटीचा एकेक लाल तुकडा.

सरांनी एक उचललं आणि अर्धं खाल्लंसुद्धा. त्यांचे डोळे मिटले. माझ्याकडून काही चूक झाली नसती तर हा माझ्या आयुष्यातला मोठा क्षण होता.

"नाना, ही नक्की कमी कॅलरीची आहेत ना?" वहिनींनी विचारलं.

सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मुलं पेपर तपासणाऱ्या मास्तरकडे बघतात तसं ते मास्तर माझ्याकडे बघत होते. मला हो म्हणता आलं असतं. वहिनींनी विश्वास ठेवला असता. एवढा मोठा डबा, कमी कॅलरीचा म्हणून सगळा नाताळ सरांच्या पुढ्यात राहिला असता.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "ही माझी नाहीत."

वहिनींनी सरांच्या हातातलं अर्धं बिस्किट काढून घेतलं. घोलप सरांशी माझी मैत्री सुरू होण्याआधीच संपली, असं मला वाटलं.

बेकरीत फोन केला. रफिकभाई म्हणाले, आज तीन नाना येऊन गेले. एक पंचवटीचा, त्याची नानकटाई होती, तो नाही. दुसरा मखमलाबादचा, फुलशेतीवाला, धोंडीराम. तुमचा माल तिकडे गेला असणार. मी डबा बांधला. सर म्हणाले, मीही येतो, डबा सांभाळायला कोणीतरी हवं. वहिनींना ते पटलं. मला तेव्हाच पटायला नको होतं.

माझी जुनी एम-एटी घेऊन निघालो. सर मागे, डबा त्यांच्या मांडीवर. गंगापूर नाका सोडला आणि आरशात मला सरांचा जबडा हलताना दिसला. मी गाडी बाजूला घेतली आणि डबा माझ्या पायांमध्ये घेतला. सर रुमालाने मिशी पुसत म्हणाले, "तुम्ही कंट्रोलर होतात ना नाना? एकदा सुटलेली गाडी परत बोलवतात का कधी?" मी म्हटलं, प्रवासी चुकीच्या गाडीत बसला असेल तर उतरवतात. त्यावर ते हसले. मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपण किती घाबरलो होतो ते सांगू लागले. सरोजिनी दवाखान्यात असताना मी कसा जिन्यातून खाली बघत उतरायचो, ते त्यांनी पाहिलं होतं. बोलावंसं वाटायचं, पण काय बोलायचं ते सुचायचं नाही म्हणाले. मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

धोंडीरामनाना झेंडूच्या मळ्याच्या कडेच्या घरात अंगणात बसले होते. त्यांच्या पुढ्यात माझा डबा उघडा होता आणि भोवती घरची सगळी माणसं, कोणी दगावल्यासारखी, गोल बसली होती. मी ओळख दिली. मीही नाना, असं सांगितलं. त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं.

"ही तुमची व्हय? आम्हाला वाटलं भट्टीवाल्यानं करपवली. नातवंडांनी तोंड लावलं नाय. गाईला टाकलं एक, तिनं हुंगलं अन् मान फिरवली."

सर माझ्या पाठीमागे खोकल्याचं सोंग करत होते.

मी म्हटलं, ती औषधी आहेत. धोंडीरामनाना म्हणाले, आमच्या गाईला कसला आजार नाही. हे ते अगदी सरळपणाने म्हणाले, पण मला लागलं. डबे बदलले. त्यांच्या डब्यातली बिस्किटं जरा कमी भरत होती, तेव्हा सर आकाशाकडे बघायला लागले. गोजराबाईंनी निघताना दोघांच्या हातांत शेवंतीची एकेक जुडी दिली आणि बिस्किटं करताना पुढच्या वेळी तूप घालायला सांगितलं.

परत आलो तेव्हा घोलपांच्या दाराला कागदाचा तारा लागला होता. आत टेबलावर पांढरं कापड घालून वहिनी वाट बघत बसल्या होत्या. मी डबा ठेवला. आत माझी बिस्किटं, काळी, एकमेकांना टेकून. गाईचं मी सांगितलं नाही. सरांनी सांगितलं.

वहिनींनी एक उचललं. पुढच्या दातांनी तोडून पाहिलं, तुटलं नाही, मग दाढेकडे सरकवलं. सरांनीही एक घेतलं. खोलीत बराच वेळ तोच आवाज येत होता.

"सरोजिनीच्या पहिल्या शंकरपाळ्या आठवतात का हो?" वहिनींनी सरांना विचारलं.

"आठवणार नाहीत कशा? माझी दाढ गेली त्यांत."

मला काही कळेना. सरोजिनीच्या शंकरपाळ्यांचं नाव अख्ख्या सोसायटीत होतं. वहिनी सांगू लागल्या. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवाळीची गोष्ट. डबाभर शंकरपाळ्या आल्या. खलबत्त्यात कुटल्या, दुधात रात्रभर भिजत घातल्या, तेव्हा कुठे सकाळी चमचा आत गेला.

"आणि दुपारी ही दारात हजर. कशा झाल्यात वहिनी, म्हणून. डोळे एवढे मोठे केलेले. काय सांगणार होते मी? छान झाल्यात म्हटलं. तर पुढच्या वर्षी दुप्पट घेऊन आली."

त्या दिवाळीला तिने मलाही विचारलं होतं. मी चहात बुडवून, चोखून खात होतो. मीही तेच म्हणालो होतो. दोन घरं मिळून आम्ही तिला एवढी वर्षं शंकरपाळ्या करायला लावल्या आणि करता करता त्या खरंच चांगल्या झाल्या.

मी हसायला लागलो. मार्थावहिनी हसल्या, सर हसता हसता खुर्चीवर मागे रेलले. मध्येच मला नाक पुसावं लागलं, पण दिवा माझ्या पाठीमागे होता.

मग मी सरसावून बसलो आणि विचारलं, "ही कशी झालीत, वहिनी?"

वहिनींनी तोंडातला घास मोठ्या कष्टाने गिळला. सरांकडे पाहिलं. सर अजून चावत होते.

"छान झालीत, नाना."